स्वप्रकाशित पुस्तकाचे परीक्षण लिहिताना

गोव्यात मराठीतून लिहिणाऱ्या अनेकांना आपले पुस्तक स्वखर्चानेच काढावे लागते. कवितासंग्रह, गावाचा इतिहास, ग्रामदैवताची माहिती, निवृत्त शिक्षकाचे आत्मकथन, बालकथा अशी ही पुस्तके असतात आणि त्यांची वाटचाल बहुधा ठरलेली असते. एखाद्या सभागृहात शाल-श्रीफळासह प्रकाशन होते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते, पुढे कधीतरी ‘साभार पोच’च्या यादीत नाव लागते आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर जातात. पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचून कोणी त्याविषयी सविस्तर लिहिले, असे क्वचितच घडते. ज्यांना असे लिहावेसे वाटते, परंतु सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

अशा पुस्तकाच्या परीक्षकाची जबाबदारी वेगळी का, हे आधी ध्यानात घ्यावे. प्रकाशन संस्थेकडे गेलेले हस्तलिखित छापून येईपर्यंत निदान दोन-तीन त्रयस्थ माणसे ते वाचतात. संपादक प्रकरणे मागेपुढे करतो, पुनरुक्ती काढून टाकतो, शंका विचारतो. मुद्रितशोधक ओळ न् ओळ तपासतो. लेखक स्वतःच प्रकाशक होतो तेव्हा त्याच्या आणि वाचकाच्या मध्ये बहुतेक वेळा अक्षरजुळणी करणारा आणि छापखाना एवढेच उरतात, आणि त्या दोघांनी मजकुराचा विचार करावा अशी अपेक्षा नसते. परिणामी परीक्षण हेच अनेकदा त्या पुस्तकाचे पहिले संपादकीय वाचन ठरते. म्हणून परीक्षकाने वाचकाला पुस्तकाची योग्यता सांगावीच, पण कोणता दोष लेखकाचा आणि कोणता संपादक नसल्यामुळे राहिलेला, हेही निवडून दाखवावे. हा भेद न करता लिहिलेले परीक्षण एक तर लेखकावर अन्याय करते, नाही तर वाचकावर.

श्रेयपानापासून सुरुवात

पुस्तक हाती आल्यावर आधी श्रेयपान वाचावे. प्रकाशक म्हणून कोणाचे नाव आहे, अक्षरजुळणी आणि मुद्रण कोठे झाले, आवृत्ती कितवी, संपादक किंवा मुद्रितशोधक यांचा उल्लेख आहे का, हे पाहिल्यावर पुस्तक कोणत्या परिस्थितीत तयार झाले याचा अंदाज येतो. काही वेळा प्रकाशक म्हणून एखाद्या कंपनीचे नाव असते, पण ती लेखकाकडून ठरावीक रक्कम घेऊन पुस्तक छापून देणारी असते. अशा ठिकाणी संपादन झालेच असेल असे गृहीत धरू नये.

आयएसबीएन या पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाविषयी आपल्याकडे विनाकारण आदर आहे. भारतात हा क्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्था देते, त्यासाठी शुल्क लागत नाही आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही तो मिळतो. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी आहे आणि भारतीय पुस्तकांवर तो साधारणपणे ९७८-८१ किंवा ९७८-९३ असा सुरू होतो. पुस्तक शोधणे, विकणे आणि ग्रंथालयात नोंदवणे त्यामुळे सोपे होते. मजकुराच्या दर्जाविषयी तो काहीही सांगत नाही. त्यामुळे क्रमांक आहे म्हणून पुस्तकाला मान देऊ नये आणि नाही म्हणून नाक मुरडू नये.

परीक्षणाच्या शेवटी पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, गाव, वर्ष, पृष्ठे आणि किंमत ही माहिती न चुकता द्यावी. दुकानात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या बाबतीत हा तपशील फार मोलाचा असतो, कारण पुढे एखाद्या अभ्यासकाला ते पुस्तक होते हेच कदाचित या परीक्षणातून कळणार असते. प्रत कोठे मिळेल हेही सांगावे; मात्र लेखकाचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या परवानगीशिवाय छापू नये. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना पाठवायच्या असतात, आणि लेखकच प्रकाशक असेल तर ते काम त्याच्याकडे येते. अनेक लेखकांना हे ठाऊक नसते. भेट झाली तर तेवढे सांगावे आणि पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातही एक प्रत देण्याचा आग्रह धरावा.

ओळख आणि भीड

गोवा लहान आहे. लेखक आपल्या गावचा, आपल्या शाळेचा, आपल्याच मंडळाचा किंवा नात्यातला निघण्याची शक्यता येथे मोठी असते, आणि भिडेखातर लिहिलेली परीक्षणे वाचून वाचक परीक्षण या प्रकारावरच विश्वास ठेवेनासा होतो. यावर माझ्या मते एकच कसोटी कामाची आहे. हे पुस्तक सामान्य आहे असे मी लिहिले, तर माझ्या घरच्या संबंधांत अंतर पडेल का? उत्तर होकारार्थी असेल तर ते परीक्षण दुसऱ्याला लिहू द्यावे. नसेल, पण ओळख आहे, तर ती एका वाक्यात सांगून मोकळे व्हावे: ‘लेखक आणि मी एकाच साहित्य मंडळाचे सदस्य आहोत, पुस्तकाची प्रत त्यांनी मला भेट दिली.’ एवढ्याने वाचक आपले मत आपण तोलून घेतो आणि परीक्षकालाही मोकळेपणी लिहिता येते. ज्या पुस्तकाला आपण प्रस्तावना लिहिली, ज्याच्या प्रकाशन सोहळ्यात आपण प्रमुख वक्ते होतो, त्याचे परीक्षण आपण लिहू नये.

परीक्षणासाठी पैसे घेऊ नयेत, मग ते मानधन म्हणून दिलेले असले तरी. विनामूल्य प्रत घेण्यास हरकत नाही, पण ती अनुकूल लिहिण्याच्या बोलीवर घेतलेली नसावी. ॲमेझॉनसारख्या विक्रीस्थळावर अभिप्राय लिहायचा असेल तर तेथील नियम पाहावेत. लेखकाच्या कुटुंबीयांनी आणि जवळच्या मित्रांनी लिहिलेले, तसेच मोबदला घेऊन लिहिलेले अभिप्राय तेथे चालत नाहीत. भारतीय मानक ब्युरोनेही ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी २०२२ साली आयएस १९०००:२०२२ हे मानक तयार केले, ते अशाच खोट्या स्तुतीला आळा घालण्याच्या हेतूने.

लिहून झालेले परीक्षण प्रसिद्ध होण्यापूर्वी लेखकाला दाखवू नये. एखादी सनावळी, एखादे नाव किंवा आवृत्तीचा तपशील विचारून खात्री करून घेणे वेगळे. मत दाखवून संमती घेणे वेगळे.

दोनदा वाचावे, प्रस्तावना शेवटी

पहिले वाचन हातात पेन्सिल न घेता, सामान्य वाचकासारखे आणि शेवटच्या पानापर्यंत करावे. दुसऱ्या वाचनात पृष्ठ क्रमांकांसह टिपणे काढावीत. प्रस्तावना आणि मलपृष्ठावरचा मजकूर मात्र सर्वांत शेवटी वाचावा. आपल्याकडे प्रस्तावना बहुधा लेखकाविषयी जिव्हाळा असलेल्या ज्येष्ठ व्यक्तीची असते, तिच्यात कौतुकाला हात सैल सोडलेला असतो आणि ती आधी वाचली की तिचेच शब्द परीक्षणात उतरतात. एकाच पुस्तकाच्या तीन परीक्षणांत एकच विशेषण दिसले तर त्याचे मूळ मलपृष्ठावर शोधावे.

लेखकाचे मनोगत मात्र टाळू नये, कारण पुस्तक कशासाठी लिहिले हे तेथे कळते. आजीच्या तोंडच्या ओव्या हरवू नयेत म्हणून नातीने केलेला संग्रह आणि ओवीच्या रचनेचा अभ्यास करणारा ग्रंथ यांना एकच माप लावता येत नाही. पुस्तकाने जे करायचे ठरवले ते त्याला साधले का, हा पहिला प्रश्न. ते करण्याजोगे होते का, हा दुसरा. तथापि पुस्तकावर किंमत छापून ते विकायला ठेवले की ते घरगुती राहत नाही. पैसे देणाऱ्या वाचकाची बाजू परीक्षकाने सोडता कामा नये.

चुका कोणाच्या

स्वप्रकाशित मराठी पुस्तकांत मुद्रणदोष पुष्कळ आढळतात आणि त्यांवरून लेखकाच्या भाषेविषयी घाईने मत बनते. येथे थोडी चिकित्सा करावी. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना होणाऱ्या चुका एका ठरावीक पद्धतीने होतात: एखादे विशिष्ट जोडाक्षर पुस्तकभर एकाच प्रकारे फुटते, रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला अर्धा र नाहीसा होतो. पन्नास ठिकाणी तीच चूक सापडली तर दोष रूपांतराचा आणि ते न तपासण्याचा आहे. याउलट एकाच पानावर ‘पाणी’ आणि ‘पाणि’ अशी दोन्ही रूपे दिसली, एकाच पात्राचे नाव दोन प्रकारे लिहिलेले आढळले किंवा वाक्य सुरू करणारा कर्ता वाक्याच्या शेवटी हरवला, तर तो दोष लेखनाचा आहे. तिसरा प्रकार संपादनाचा: तीच आठवण तीन प्रकरणांत येते, महत्त्वाची घटना परिशिष्टात पडून राहते, पहिली चाळीस पाने केवळ आभार आणि वंशावळीत जातात. हे सांगताना ‘लेखकाला लिहिता येत नाही’ असा सूर लागू नये. ‘प्रकरण तीन आणि सात एकत्र केले असते तर कथन आवळले गेले असते’ असे नेमके सांगावे.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम प्रमाण धरावेत. १९६२ साली १४ नियम मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते १८ झाले. परंतु हे नियम प्रमाण लेखनासाठी आहेत. गोमंतकीय कथा-कादंबरीतील संवाद कोंकणीत किंवा कोंकणी वळणाच्या मराठीत आले तर त्याला अशुद्ध म्हणणे हे अज्ञान आहे. तेथे तपासायचे ते निराळेच. पेडण्याची म्हातारी आणि काणकोणचा रेंदेर (माडाची सूर काढणारा) एकाच बोलीत बोलतात का? दहा वर्षे मुंबईत राहून आलेला मुलगा आईशी जसा बोलतो तसाच साहेबाशी बोलतो का? कोंकणी न कळणाऱ्या मराठी वाचकाला संदर्भावरून अर्थ लागतो का, की शेवटी शब्दसूची हवी होती? निवेदनाची भाषा मात्र कारणावाचून डळमळत असेल तर ते स्पष्ट लिहावे.

मुद्रणदोषांची जंत्री परीक्षणात देऊ नये. एक वाक्य आणि दोन-तीन पृष्ठ क्रमांक पुरेत. संपूर्ण यादी वेगळ्या कागदावर लेखकाला पाठवावी, कारण मागणीनुसार छपाईच्या पद्धतीत दुरुस्त प्रत काढणे अवघड नसते आणि जुन्या पद्धतीने छापणाऱ्यालाही दुसऱ्या आवृत्तीत ती उपयोगी पडते.

किमतीविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. दोनशे-तीनशे प्रती छापणाऱ्याचा प्रतीमागचा खर्च हजारोंनी छापणाऱ्या संस्थेपेक्षा जास्तच येणार. तेव्हा केवळ किंमत चढी आहे म्हणून टोकू नये.

गावाचा इतिहास

गोव्यातील स्वप्रकाशित पुस्तकांत मला सर्वांत मोलाची वाटतात ती गावांवरची पुस्तके, आणि परीक्षणात सर्वाधिक कष्टही त्यांच्यावरच घ्यावे लागतात. येथे प्रत्येक विधान पाहताना लेखकाने हे ऐकले, वाचले की स्वतः पाहिले, हा प्रश्न विचारावा. ऐकीव गोष्ट कमी प्रतीची नसते, पण ती ऐकीव म्हणूनच मांडली पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पेडणे तालुक्यातील एका गावाच्या इतिहासात लिहिले आहे की सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने गावातील मूळ देऊळ पाडले. वाक्य ओळखीचे वाटते म्हणून डोळा त्यावरून घसरतो. परंतु पोर्तुगिजांनी तिसवाडी १५१० साली घेतली, बारदेश आणि सासष्टी त्यांच्याकडे १५४३ मध्ये आली, आणि फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण हा नव्या काबिजादीचा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या ताब्यात गेला. याच कारणाने सासष्टीतील कुशस्थळीचा मंगेश १५६० साली तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या फोंड्यातील प्रियोळला नेता आला. म्हणजे पेडण्याविषयीचे ते विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. देऊळ दुसऱ्या कारणाने पडले असेल, दैवत बारदेशातून येथे आलेले असेल आणि मूळ स्थळाची आठवण या गावाला चिकटली असेल, किंवा लेखकाकडे आपल्याला ठाऊक नसलेला कागद असेल. परीक्षकाने निकाल देऊ नये. कालक्रम मांडावा आणि या विधानाला आधार द्यायला हवा होता असे म्हणावे. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदांबरोबर मोडी लिपीतील मराठी कागदही आहेत, तेव्हा कोणता आधार शोधता आला असता तेही सुचवता येते.

एवढे झाल्यावर, या पुस्तकात असे काय आहे जे अन्यत्र मिळणार नाही, याचा शोध घ्यावा. शेताच्या कोपऱ्यांची नावे, खाजनातील (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतील) मानशीची, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याच्या दाराची, व्यवस्था कोणाकडे होती, कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) पाणी कोणत्या झरीचे आणि कोणत्या क्रमाने मिळत असे, म्हादई नदीच्या पात्रालगतची पुरण शेती कशी करत, शिगम्यात मांडावर (लोकोत्सवाच्या पवित्र जागेवर) मान कोणाचा, धालो या स्त्रियांच्या लोकनृत्यात कोणते गीत शेवटी म्हणतात: अशी नोंद बहुतेक वेळा त्या गावच्याच माणसाकडून होते. आधाराच्या बाबतीत ढिसाळ असलेल्या पुस्तकातही अशी वीस पाने असू शकतात. ती कोणती, हे पृष्ठ क्रमांकांसह सांगणे हे मी परीक्षकाचे सर्वांत मोठे काम मानतो. त्याचबरोबर नकाशा, छायाचित्रांखालील ओळी, माहिती देणाऱ्या वृद्धांची नावे आणि नामसूची आहे का हे पाहावे. ती नसेल तर दुसऱ्या आवृत्तीसाठी मागावी.

कविता

काव्यमैफलीत टाळ्या घेणारी कविता कागदावर तग धरतेच असे नाही, म्हणून कवितासंग्रह आधी मनात आणि नंतर मोठ्याने वाचावा. कवीने वृत्ताचा दावा केला असेल तर तो मोजून पाहावा. भुजंगप्रयात म्हटले की ओळीत चार य गण (लघु-गुरू-गुरू), बारा अक्षरे आलीच पाहिजेत. गझलेच्या मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात (द्विपदीत), ‘सागर’ आणि ‘घागर’ बांधले असतील तर पुढे ‘जागर’ चालेल, ‘डोंगर’ चालणार नाही. आणि हे दाखवताना त्या शेराचा आशय चांगला असेल तर तेही त्याच वाक्यात सांगावे. मुक्तछंदाला मोजमाप नसले तरी ओळ येथेच का तोडली, हा प्रश्न विचारता येतो. संग्रहात ऐंशी कविता असतील आणि तीस निवडल्या असत्या तर पुस्तक उभे राहिले असते असे वाटले, तर त्यांतल्या पाच-सहांची नावे द्यावीत, म्हणजे वाचकाला कोठे उघडावे ते कळते.

प्रत्यक्ष लिहिणे

पहिल्या परिच्छेदात पुस्तक कशाविषयी आहे, कोणासाठी आहे आणि लेखकाचा त्या विषयाशी संबंध काय, हे यावे. ‘भाषा ओघवती आहे’, ‘पुस्तक संग्राह्य आहे’, ‘नितांतसुंदर अनुभव’ ही वाक्ये कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येतात, म्हणून ती टाळावीत. त्यांच्या जागी पाहिलेली गोष्ट लिहावी. ‘व्यक्तिचित्रे जिवंत आहेत’ असे म्हणण्याऐवजी असे लिहिता येईल: ‘खाणीवर ट्रक चालवणाऱ्या मामाचे चित्र लेखक त्याच्या स्वभावाचे एकही विशेषण न वापरता उभे करतो, मामा घरी आला की आधी अंगणातल्या नळावर तांबडी धूळ धुतो आणि मगच मुलांना जवळ घेतो, एवढ्यावरून तो कळतो. पुढच्याच प्रकरणातल्या गुरुजींना मात्र अकरा विशेषणे लावूनही ते दिसत नाहीत.’ यात स्तुती आहे आणि दोषही आहे, आणि दोन्ही वाचकाला ताडून पाहता येतात.

उद्धृते थोडी आणि नेमकी घ्यावीत. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ समीक्षा व परीक्षणासाठी रास्त प्रमाणात मजकूर उद्धृत करण्याची मुभा देते. छोटी कविता संपूर्ण द्यायची असेल तर कवीला विचारणे सौजन्याचे. कादंबरीचा शेवट उघड करू नये. सहाशे ते आठशे शब्दांत सामान्यतः सर्व सांगून होते.

कठोर कधी व्हावे? नवख्या लेखकाचा कवितासंग्रह सर्वस्वी कच्चा असेल आणि त्यात दाखवण्याजोगे काही सापडत नसेल, तर परीक्षण न लिहिता त्याला खाजगी पत्र लिहावे. परंतु पुस्तकामुळे वाचकाचे नुकसान होण्याजोगे असेल तर गप्प बसणे योग्य नाही. औषधी वनस्पतींच्या पुस्तकात मधुमेहाच्या गोळ्या बंद करून एखाद्या पाल्याचा रस घेण्याचा सल्ला असेल, किंवा गावच्या इतिहासात एखाद्या समाजाविषयी निराधार आरोप असेल, तर पृष्ठ क्रमांक देऊन, शांत शब्दांत आणि निःसंदिग्धपणे ते लिहिलेच पाहिजे. अशा पुस्तकाला छापण्यापूर्वी अडवणारे कोणी नव्हते, हे विसरू नये.

परीक्षण प्रसिद्ध झाल्यावर लेखक नाराज झाला तर मतावरून वाद घालू नये. मात्र त्याने वस्तुस्थितीची चूक दाखवली तर ती त्याच ठिकाणी, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्त करावी. आपली टिपणे आणि मुद्रणदोषांची यादी जपून ठेवावी. दुसरी आवृत्ती आली की ती त्या यादीशी ताडून पाहावी आणि काय सुधारले, काय तसेच राहिले, याची छोटी नोंद पुन्हा प्रसिद्ध करावी.